धुरी मास्तर पाण्यात उतरले

घाटकोपरला पंतनगरच्या बाजूला कुठल्याही इमारतीत शिरून विचारावं, बाबांनो, गाडी चालवायला कुणाकडे शिकलात? दर दोन-तीन घरांमागे एका घरातून उत्तर येणार, ‘धुरी मास्तरांकडे.’ आणि ते सांगताना माणूस जरा मान खाली घालणार, कारण मास्तरांची आठवण निघाली की आधी कान लाल होतात.

सहदेव धुरींचं मूळ गाव मालवणाकडचं, पण जन्म आणि सगळा जन्मभराचा व्याप घाटकोपरातलाच. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा सहदेव हर्षदभाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाड्या पुसायला लागला. पुसता पुसता चालवायला शिकला, आणि एकदा शिकवणारा माणूस आजारी पडला म्हणून डाव्या सीटवर बसला, तो तिथून उठलाच नाही. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर उजवा पाय ठेवून मास्तरांनी अख्ख्या घाटकोपरला रस्त्यावर आणलं. चपलांचा जोड घेतला की उजवी चप्पल आधी झिजायची, डावी तशीच कोरी राहायची.

आणि तोंड? त्याला ब्रेक नव्हता.

“स्टिअरिंग आहे ते! परातीतली कणीक नाही मळायची!”

“आरशात बघ! भांग पाडायला नाही, मागे बघायला!”

“क्लच सोड म्हटलं रे, जीव नको सोडू!”

हे सगळं खिडकीच्या काचा खाली घेऊन, भर रस्त्यात. शेजारून जाणारे रिक्षावाले मीटरकडे बघायचं सोडून गाडीकडे बघत. पण पोरं शिकायची हेही खरं. मास्तरांकडे शिकलेला माणूस पुढे कसल्याही ट्रॅफिकला घाबरत नसे. जे घाबरायचं ते गाडीच्या आतच घाबरून झालेलं असे.

मास्तरांची स्वतःची गाडी मात्र नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, “शाळामास्तराच्या घरात शाळा असते काय रे?” दुसऱ्याच्या गाडीत बसायचे तेव्हा आसपासच्यांचे हाल. जावई सुबोध यानं नवी गाडी घेतली तेव्हा सासऱ्यांना मानानं पुढे बसवलं, आणि मास्तरांनी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, विक्रोळीच्या आसपास, न सांगता हँडब्रेक ओढला. समोर काय होतं? एक कबुतर. त्या दिवसापासून मास्तरांना पुढची सीट बंद झाली.

तर अशा माणसाला एका नोव्हेंबरात डोंगरावरच्या धरणावर कयाक नावाची होडी चालवायला जावं लागलं. त्याची हकीकत अशी.

मास्तरांची मुलगी जान्हवी आणि सुबोध मुलुंडला राहतात. दोघांनी मित्राच्या जोडप्याबरोबर कुरुंगदऱ्याच्या जलाशयावर दोन दिवसांचा कॅम्प ठरवला होता. कसारा घाट चढून घोटीच्याही पुढे, जिथे मोबाइलची रेंज टेकडीवर चढून शोधावी लागते, अशी जागा. ऐन वेळी मित्राच्या पोराला कांजिण्या आल्या आणि दोन जागा रिकाम्या राहिल्या. जान्हवीनं आईला फोन केला.

रुक्मिणीबाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. “येतो.”

“अगं, काय आहे ते तरी ऐक.”

“मला झाडायला-पुसायला लागणार आहे का तिथे?”

“नाही.”

“मग येतो.”

आयुष्यभर सुट्टी म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे वर्षभर बंद असलेलं सासरचं घर उघडून जळमटं काढणं. बाईंचा अर्धा मे महिना त्यातच जायचा. जिथे गेल्यावर हातात केरसुणी येणार नाही अशी जागा पृथ्वीवर आहे, हेच त्यांना मोठं अप्रूप होतं.

मास्तरांनी मात्र चौकशी केली. “हॉटेल कसं आहे?”

“हॉटेल नाही बाबा, तंबू आहे.”

“तंबू? आपण सर्कशीत जातोय की काय?”

पण रुक्मिणीबाईंनी पिशवी भरायला घेतली होती, आणि भरलेली पिशवी रिकामी करायची त्यांची पद्धत नव्हती.

जाताना मास्तरांना मागे, जान्हवीच्या सीटच्या मागे बसवलं. भिवंडी बायपासपर्यंत ठीक होतं. पुढे त्यांचा आवाज सुरू झाला.

“सुबोध, समोर ट्रक आहे.”

“दिसला, बाबा.”

“त्याला ब्रेकलाइट आहे.”

“हो बाबा.”

“लागलाय तो!”

“बाबा,” जान्हवी पुढून म्हणाली, “तुम्ही माझ्या पाठीत लाथा मारताय.”

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय जान्हवीच्या सीटमध्ये रुतला होता. त्यांनी तो काढून घेतला आणि पुढचा सगळा घाट मांडी घालून बसले. गाडीत मांडी घालून बसलेला माणूस फार दुःखी दिसतो. रुक्मिणीबाईंनी त्यांना भडंगाची पुडी दिली, तेव्हा कुठे घाट संपला.

घोटीनंतर रस्ता अरुंद झाला, भातखाचरं संपली, आणि एका वळणावर अचानक सगळं पाणी समोर आलं. चारी बाजूंनी डोंगर, वाळून सोनेरी झालेलं गवत, आणि मधे हिरवं-काळं, एवढं थोरलं पाणी की पलीकडच्या काठावरची माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. वारा गार होता. रुक्मिणीबाईंनी हात जोडले. मास्तरांनी खाली उतरून कमरेवर हात ठेवले, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, “पार्किंगला जागा बरी आहे.”

कॅम्प सांभाळणारा माणूस पुढे आला. तिशीचा, सडपातळ, राखलेली दाढी, डोक्यावर उन्हानं उडालेल्या रंगाची टोपी. नाव देवेश. बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यानं मास्तरांकडे एकदा नीट पाहिलं, काहीतरी बोलायला गेला, आणि मग म्हणाला, “या काका. चहा ठेवलाय.”

दुपारी झिपलाइन होती. एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडापर्यंत तार, आणि पट्ट्यांत बांधून घेऊन माणसानं तिच्यावरून घरंगळत जायचं. मास्तर तारेखाली उभे राहून निरखत होते.

“ह्याला ब्रेक कुठाय?”

“पलीकडे जाड गादी बांधली आहे, काका. तिथे थांबतं.”

“म्हणजे धडकून थांबायचं?” मास्तरांनी देवेशकडे कीव करत पाहिलं. “ही काय पद्धत झाली?” गुडघ्याचं कारण सांगून त्यांनी अंग काढून घेतलं. तोवर जान्हवीची ट्रॅकपँट घालून, वर स्वतःचा कुर्ता चढवून, रुक्मिणीबाई तारेवर चढल्या होत्या. “गे बाय माझे!” एवढी एकच आरोळी दरीवरून गेली. गादीवर आपटून त्या उतरल्या, केस सारखे केले आणि देवेशला विचारलं, “परत जाता येतं काय रे?” त्या तीनदा गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी जाता जाता खाली उभ्या नवऱ्याला हातही हलवला.

अंधार पडता पडता शेकोटी पेटली. बोरिवलीच्या एका बँकेतले सात-आठ जण त्याच कॅम्पवर आले होते. निखाऱ्यांत बटाटे पुरलेले, चुलीवर पिठल्याचा वास, आणि हळूहळू एकेकाच्या गोष्टी निघाल्या. कुणी साहेबाची नक्कल केली, कुणी सापाची गोष्ट सांगितली. मास्तर घसा खाकरून सरसावले. त्यांच्याकडे एक हुकमी गोष्ट होती. बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही सांगितली तरी चालायची.

“आमच्याकडे एक पोरगा यायचा शिकायला. अठरा-एकोणीस वर्षांचा, काडीपैलवान. एलबीएस रोडच्या सिग्नलला गाडी बंद पाडली त्यानं. एकदा चालू केली, बंद. दुसऱ्यांदा, बंद. मागे बस, बसमध्ये माणसं, सगळी वाकून बघतायत. मी म्हटलं, अरे, तुझ्या जागी म्हैस बसवली असती ना, तर एव्हाना मुलुंडला जाऊन दूध घालून परत आली असती!”

बँकवाले खदखदून हसले. मास्तरांना चेव चढला.

“तर ह्या पठ्ठ्यानं काय करावं? शांतपणे बेल्ट काढला, दार उघडलं, खाली उतरला, दार हळू लावलं आणि गाड्यांमधून चालायला लागला! मागे वळून बघितलं पण नाही! मी डाव्या सीटवर, ड्रायव्हरची सीट मोकळी, सिग्नल हिरवा, आणि मागे भोंग्यांचं नुसतं गणपती विसर्जन! मग मी गियरवरून टांग टाकून पलीकडे जायला बघतोय तर पँट फाटली! टर्रर्र! तसाच गाडी घेऊन गेलो स्कूलला, आणि हर्षदभाईंकडून टॉवेल मागून घेतला!”

हसून हसून एका बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डोळे पुसत विचारलं, “आणि त्या पोराचं पुढे काय झालं?”

“कोण जाणे!” मास्तर म्हणाले. “अजून चालतच असेल!”

देवेश वाकून काठीनं निखाऱ्यातले बटाटे उलटत होता. मान वर न करता म्हणाला, “पँट फाटली हे मला आजच कळलं, मास्तर.”

सगळं हसू जागच्या जागी थांबलं. कुणाला आधी कळलंच नाही. रुक्मिणीबाईंना कळलं. त्यांनी पदर नसतानाही पदर ओढल्यासारखा ओढणीला हात लावला. मास्तर तोंड उघडं ठेवून देवेशच्या दाढीआड तो अठरा वर्षांचा काडीपैलवान शोधत राहिले. सापडला. कानांवरून सापडला.

“तू... आपल्या असल्फ्याचा?”

“हो. तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, राहू दे. पाहुणे आहात.” देवेशनं एक बटाटा केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून मास्तरांपुढे केला. “गरम आहे. फुंकून खा.”

तो चिडला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाला वर आवाज चढवून गप्प करता येतं. हा तर हसून सांगत होता की त्या दिवशी तो चालत चालत विक्रोळीपर्यंत गेला, पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, लावायला गेला की हात थरथरायचे. मग एका मित्राच्या ओळखीनं इथे आला, पाण्यात रमला. “पाण्याला सिग्नल नसतो ना, काका.” बँकवाल्यांनी घाईघाईनं दुसरी गोष्ट काढली. मास्तरांनी बटाटा खाल्ला, पण तो त्यांना कसा लागला हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सकाळी रुक्मिणीबाई चहाचा ग्लास घेऊन आल्या तेव्हा मास्तर काठावरच्या दगडावर कानटोपी घालून बसले होते. पाण्यावरून धुक्याचे पुंजके सरकत होते.

“मी त्याला फारच बोललो काय गो?”

“सगळ्यांना बोलता तेच बोललात.”

“सगळे उतरून गेले नाहीत.”

“सगळ्यांना उतरता येत नाही,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “चहा घ्या. नऊ वाजता आपली होडी आहे.”

मास्तरांना होडीत बसायचं नव्हतं. पण काल झिपलाइन टाळली होती, आणि आज देवेश स्वतः लाईफ जॅकेट घेऊन समोर उभा होता. त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? त्यानं जॅकेटचे पट्टे आवळले, खांद्याशी लटकणारी नारिंगी शिट्टी दाखवली, काही झालं तर वाजवा म्हणाला. मग कयाक दाखवली. लांबट, दोन खळग्यांची, दुधीभोपळा मधोमध कोरावा तशी.

“जड माणूस मागे बसेल. दिशा मागचा देतो.”

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं. “मी मागे.”

म्हणजे मास्तर पुढे. समोर काच नाही, बॉनेट नाही, पायाशी काही नाही, आणि चालवणारी व्यक्ती पाठीमागे, जिच्याकडे बघायला मान वळवली की होडी कलंडायला बघते. मास्तरांनी वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पहिल्या वल्ह्यालाच सूचना सुरू केल्या.

“डावीकडे! डावीकडे घे गो!”

“घेते.”

“एवढं नाही! सरळ! आता उजवीकडे!”

“अहो, तुम्ही पण मारा ना वल्हं!”

“मी बघतोय! कुणीतरी बघायला नको?”

होडी जागच्या जागी गोल फिरली. काठावरून जान्हवी मोबाइलवर चित्रण करत होती. दुसऱ्या फेरीला ती हसत होती, तिसऱ्या फेरीला तिनं मोबाइल खाली घेतला, कारण घाटाकडून वारा सुटला होता आणि कयाक गोल फिरत फिरत मधल्या पाण्याकडे निघाली होती.

लाटा काही मोठ्या नव्हत्या. पण बुडाखाली पाणी हलतं आहे हे मास्तरांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि पायानं दाबायला काही नव्हतं. त्यांचा मुंबईचा मराठी आवाज सुटला आणि आतला मालवणी वर आला.

“खंय नेतंस माका! वळव! वळव म्हणतंय ना! माका पवाक येना नाय गो!”

“माका तरी खंय येता?” रुक्मिणीबाई ओरडल्या. पोहता दोघांनाही येत नव्हतं. मग त्यांनी वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं. “तुमी आधी गप रवा. मी मारूचंय नाय.”

“मारूचंय नाय म्हंजे?”

“तुम्ही ओरडत असाल तोवर नाही. माझे हात चालत नाहीत.” वाऱ्यावर त्यांचा आवाज एकदम संथ आला. “तुम्ही घाबरलात की ओरडता. मला लग्नापासून माहीत आहे. अंतरपाट धरला तेव्हा भटजींवर ओरडला होतात, हळू म्हणा म्हणून. जान्हवीच्या वेळी हॉस्पिटलात वॉचमनवर. त्या गाडीत रोज नवीन माणूस शेजारी बसतो, ज्याला काही येत नाही, आणि तुम्ही रोज घाबरता. मला काय कळत नाही?”

मास्तरांनी काहीतरी उत्तर द्यायला हात वर केला, आणि वल्हं सुटून पाण्यात पडलं. ते एखाद्या सुटलेल्या म्हशीसारखं आपल्याआपण दूर निघालं.

एवढ्यात बाजूला पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज आला. देवेश एकट्याच्या लहान कयाकमधून पोचला होता. घाई नाही, धापा नाहीत. त्यानं वाटेतलं वल्हं उचलून मास्तरांच्या हातात दिलं.

“छान चाललंय, काका.”

“छान? अरे, आम्ही बुडतोय!”

“नाही. फिरताय. फिरणं वेगळं, बुडणं वेगळं.”

मास्तरांनी परत मिळालेलं वल्हं छातीशी धरलं.

“काकू, तुम्ही काकांच्या वल्ह्याकडे बघा, त्यांच्या पाठोपाठ मारा. काका, तुम्ही फक्त उजवीकडे एक. हां. आता डावीकडे एक. चुकलं तरी चालेल, पाणी भरपूर आहे.”

मास्तरांनी मारलं. चुकलं, पाणी तोंडावर उडालं. “चालेल,” देवेश म्हणाला. दुसऱ्यांदा मारलं. होडीचं नाक काठाकडे वळलं आणि पुन्हा वाऱ्यानं फिरलं. “होतं असं. परत.” तो शेजारून चालला होता, जवळ, पण हात न लावता. एकदाही त्याचा आवाज चढला नाही. मास्तर मनातून वाट बघत होते, आता बोलेल, आता म्हशीची आठवण काढील. आणि तो नुसता “हां, बरोबर” म्हणत राहिला. काठ जवळ आला तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की बराच वेळ आपण गप्प आहोत. मागून रुक्मिणीबाईंचं वल्हं त्यांच्या वल्ह्यापाठोपाठ पडत होतं, मुसळं घातल्यासारखं, एक तुझं, एक माझं.

चिखलात उतरून मास्तर जरा वेळ नुसते उभे राहिले. तंबूंच्या मागे आंब्याखाली एक जुनी जीप उभी होती. मास्तरांची नजर तिच्यावर गेली.

“ती कुणाची?”

“कॅम्पची. सामान आणायला लागते घोटीहून. वाडीतले धोंडिराम चालवतात. मला येत नाही ना.”

“चावी कुठाय?”

देवेश काय ते समजला आणि एक पाऊल मागे सरकला. “नको मास्तर. खरंच नको. मी बरा आहे असा.”

“मी ओरडणार नाही.”

ह्यावर रुक्मिणीबाई हसल्या, जान्हवी हसली, सुबोधनं तर तोंड फिरवून हसून घेतलं. देवेशही हसला, आणि हसता हसता त्याचं ‘नको’ जरा ढिलं पडलं. रुक्मिणीबाईंनी अजून जॅकेट काढलं नव्हतं. त्यांनी खांद्यावरची नारिंगी शिट्टी ओठांशी नेऊन एकदा वाजवून पाहिली. पाण्यावरचे बगळे उडाले.

“मी मागे बसते,” त्या म्हणाल्या. “आवाज चढला की वाजवीन.”

धरणाच्या बांधकामाच्या वेळी सपाट केलेला एक मोठा माळ जवळच होता. तिथवर धोंडिरामांनी जीप आणून दिली आणि ते तमाखू मळत दगडावर बसले. देवेश चालवायला बसला. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. मास्तर डाव्या बाजूला बसले आणि सवयीनं त्यांनी पाय पुढे केला. खाली नुसता पत्रा. शिकवायच्या गाडीत असतो तो ब्रेक इथे कुठून असणार? आता ते आणि देवेश सारखेच घाबरलेले होते, फरक एवढाच की एकाला ते लपवायची सवय होती.

“क्लच दाब. पहिला टाक. हळूहळू सोड...”

जीप एक उडी मारून बंद पडली.

“अरे म्है—”

शिट्टी वाजली.

“म्है... म्हणजे, बंद पडली,” मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “पडते. जीप आहे, पडणारच. परत.”

दुसऱ्यांदा बंद पडली. मास्तरांनी मूठ चावली. तिसऱ्यांदा जीप चालली, आणि माळावर हळूहळू, बैलगाडीच्या चालीनं, सरळ निघाली. देवेशच्या तोंडावर अविश्वास होता. मास्तर “हां, बरोबर, बरोबर” म्हणत होते, आणि हे शब्द तोंडात नव्या कवळीसारखे बोचत होते. माळाच्या टोकाला वाडीच्या म्हशी चरत होत्या. त्यातली एक काळीभोर, मोठी, गवत चघळत बरोबर वाटेत येऊन उभी राहिली.

देवेशला ती दिसत नव्हती. तो गियरकडे बघत होता.

मास्तरांचा उजवा पाय पत्र्यावर इतक्या जोरानं दाबला गेला की नंतर आठवडाभर पोटरी दुखत होती. नरडीपर्यंत आरोळी आली. मागे रुक्मिणीबाईंनी श्वास घेतला, शिट्टी ओठांत धरली. पण मास्तर आयुष्यात कधी काढला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाले,

“देवेश बाळा. घाई नाही. पण समोर एक म्हैस आहे.”

देवेशनं मान वर केली, ब्रेक दाबला. जीप म्हशीच्या शिंगापासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीनं एकदा जीपकडे, एकदा देवेशकडे पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. मग देवेश स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला, मास्तर हसायला लागले, आणि रुक्मिणीबाईंना इतकं हसू आलं की शिट्टी तोंडातच असल्यानं ती आपोआप पीं-पीं वाजत राहिली. दगडावरून धोंडिराम ओरडले, “काय झालं हो?” त्यांना सांगणार कोण?

दुपारी निघेपर्यंत देवेशनं माळाला सात-आठ चकरा मारल्या. निरोप घेताना मास्तर फार काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं होतं ते सगळं त्यांना ओरडूनच सांगता यायचं. देवेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मी पुढच्या महिन्यात परत येतो. रिव्हर्स राहिलाय तुझा.”

आणि आले. एकटे, एसटीनं, घोटीपर्यंत. रिव्हर्स झाला, चढावर गाडी थांबवून पुन्हा सोडायचं झालं. होळीच्या आसपास देवेशनं लायसन काढलं.

इकडे घाटकोपरात मात्र गडबड उडाली. मास्तर डिसेंबरात हळू बोलायला लागले तसे हर्षदभाई काळजीत पडले. “धुरी, ब्लडप्रेशर बघून घे एकदा.” शिकायला येणाऱ्या अनुपमा नावाच्या शिक्षिकाबाई तर ऑफिसात येऊन म्हणाल्या, “माझ्या भावाला धुरी सरांनी दम देऊन शिकवलं, तो दोन आठवड्यांत तयार झाला. मला नुसतं ‘होतं असं’ म्हणतात. माझ्याकडे लक्ष नाही का त्यांचं?” मास्तरांनी त्यांच्या समाधानासाठी एकदा मनापासून ओरडून दाखवलं. बाई खूष झाल्या. म्हणजे सगळंच काही बदललं असं नाही. स्वभावाला औषध नसतं. मध्येच एखादा सिग्नल, एखादी बस, आणि जुना आवाज सुटतोच. पण आता ओरडून झालं की मास्तर गाडी बाजूला घ्यायला लावतात, टपरीवर कटिंग पाजतात आणि सांगून टाकतात, “मी घाबरलो होतो रे. तुझी काही चूक नाही. म्हणजे चूक आहे, पण तेवढी नाही.”

रुक्मिणीबाईंनी उन्हाळ्यात वेगळाच घाट घातला. मुलुंडला जान्हवीच्या घराजवळ तरणतलाव आहे, तिथे बायकांची सकाळची बॅच. “जॅकेट घालून किती दिवस बसणार?” म्हणत त्यांनी नाव घातलं. मास्तर पहिले काही दिवस त्यांची पिशवी धरून बाहेरच्या बाकावर बसायचे. मग बाकावरचे इतर नवरे बाजारभावाच्या गप्पा मारून मारून कंटाळवाणे झाले, तेव्हा मास्तरांनीही पुरुषांच्या बॅचला नाव घातलं. शिकवणारा पोरगा जान्हवीपेक्षाही लहान, आणि काठावरून कोकलायचा, “ओ अंकल, पाय मारा! पाय! पाण्यात उभे काय राहिलात, बस येणार आहे का?” मास्तर हे सगळं निमूटपणे ऐकून घेत. एकदा तर बाहेर आल्यावर रुक्मिणीबाईंना म्हणाले, “पोरगा घाबरट आहे जरा. पण शिकवतो चांगलं.”

आता मास्तर तलावाची रुंदी कशीबशी पार करतात आणि पलीकडचा कठडा धरून धापा टाकतात. रुक्मिणीबाई मात्र खोल बाजूला जातात, उताण्या होतात आणि टोपीतले केस सांभाळत आभाळाकडे बघत निवांत तरंगत राहतात. रविवारी दोघांची वेळ एक असते. परवा कठड्याला धरलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी मास्तरांना विचारलं, “त्या मधे कोण हो? चांगल्या पोहणाऱ्या दिसतात.”

मास्तरांनी नाकातलं पाणी शिंकरलं, दम खाल्ला आणि म्हणाले, “आमच्या मंडळी. त्यांना हाक मारू नका, त्यांना पाण्यात आवाज चालत नाही.”